खालचा अर्धा पडदा

गोदाचं लग्न मार्गशीर्षात झालं आणि होळीच्या आधीच कान्हा मस्कतला गेला. तेलाच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी होती. दिवा स्टेशनजवळच्या जुन्या गावातल्या त्यांच्या घरात तो कौतुकाचा विषय झाला. पेढे वाटले गेले. गोदाने सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि स्वतः खायचा राहून गेला, ते तिला दुसऱ्या दिवशी डबा रिकामा बघून आठवलं.

दर शुक्रवारी त्याला सुट्टी असायची. त्या दिवशी दुपारी फोन वाजायचा. आधी सासरे बोलायचे, मग सासू ठमाबाई, मग धाकटा दीर गुणाजी, आणि सगळ्यांचं संपलं की रिसीव्हर गोदाच्या हातात यायचा. फोन ओटीवर होता. ती बोलायला लागली की ओटीवरचे सगळे गप्प व्हायचे.

"जेवलात?" ती विचारायची.

"जेवलो. तू?"

"हो."

मग दोघंही नुसते रिसीव्हर धरून बसायचे, आणि फोन कट व्हायचा.

एका शुक्रवारी तिने धीर करून विचारलं, "दिवसभर काय करता हो तिकडे?"

"काळ्या पडद्यासमोर बसतो," कान्हा म्हणाला. "लिनक्स असतं. पांढरी अक्षरं येतात, ती वाचत बसायचं. तुला कसं सांगू? बघितल्याशिवाय नाही कळणार."

तिने ते वाक्य मनात धरून ठेवलं. गोदा विठ्ठलवाडीची, बी.कॉम. झालेली. कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्सही तिने केला होता, पण तिथे विंडोज आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर, एवढंच शिकवलं. नवऱ्याबरोबर काढलेले दिवस इतके थोडे होते की ते आठवून आठवून झिजायला आले होते. कधीकधी तिला त्याचा चेहरा आठवायच्या आधी लग्नाच्या अल्बममधला फोटोच आठवायचा. तो रोज जे बघतो ते आपणही बघावं, एवढी एकच गोष्ट तिला हाताशी असल्यासारखी वाटली.

घरात कॉम्प्युटर होता. कान्हाने जाण्याआधी गुणाजीला घेऊन दिलेला. गुणाजी त्यावर हळदीच्या आणि लग्नाच्या पत्रिका करायचा. दिवा, आगासन, डोंबिवलीपर्यंतची गिऱ्हाइकं त्याच्याकडे यायची.

"भावोजी, यावर लिनक्स टाकू?" तिने विचारलं.

"आणि माझं विंडोज?"

"तेही राहील. दोन्ही राहतात एकाच मशीनमध्ये. चालू करताना विचारतं, कुठलं पाहिजे."

"वहिनी, सीझन आहे. एक पत्रिका गेली ना, तर लोक मला उभा जाळतील."

तिने सीझन संपायची वाट बघितली. आषाढ लागला, पत्रिकांची कामं थांबली, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. गुणाजीने मान हलवली, पण अट घातली की आधी त्याच्या सगळ्या फाइली फ्लॉप्यांवर उतरवायच्या आणि त्या उघडतात का हेही दाखवायचं.

लिनक्सची सीडी मिळणार होती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. कान्हा पूर्वी तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात होता. त्याचा दोस्त मधु अजून तिथेच होता. चेंदणी कोळीवाड्यातला हा मधु लग्नात पोटभर नाचलेला, म्हणून गोदाला चेहऱ्याने माहीत होता. ती तिथे गेली तेव्हा त्याने तिला कॅन्टीनमध्ये बसवून चहा पाजला.

"वहिनी, मी येऊन करून देतो. रविवारी येतो."

"नको. मलाच करायचंय."

मधुने तिच्याकडे बघितलं आणि पुढे आग्रह केला नाही. चहाच्या बशीत बोट बुडवून त्याने टेबलावर एक लांबट चौकोन काढला.

"ही तुमची हार्ड डिस्क. शेत समजा. सगळ्या शेतात विंडोजनेच पेरलंय, पण कसं, तर इथे थोडं, तिथे थोडं. आधी ते सगळं एका कडेला सरकवून घ्यायचं. मग मध्ये बांध घालायचा. बांधापलीकडे लिनक्स. बांध घालताना हात चुकला तर दोन्ही जाईल, म्हणून घाई करायची नाही."

सीडी, लिनक्स चालू करायची एक फ्लॉपी आणि फोनच्या तारेवरून दुसऱ्या मशीनशी जोडणारा एक जुना मोडेम, असं सगळं त्याने पिशवीत भरून दिलं. मग स्वतःशीच हसला.

"कान्हा काय करायचा माहितीये? इन्स्टॉल चालू झालं की स्क्रीनकडे पाठ करून बसायचा. म्हणायचा, आपण बघितलं की ती लाजते."

"कोण ती?"

"मशीन."

गोदा हसली. पण ठाणे स्टेशनच्या रिक्षात बसल्यावर तिला आतून काहीतरी टोचत राहिलं. हे मधुला माहीत होतं. तिला नव्हतं. कान्हाच्या अशा किती गोष्टी लोकांकडे इकडेतिकडे पडल्या असतील, आणि आपल्या वाट्याला फक्त जेवलात का, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती बसली. फाइली फ्लॉप्यांवर घेतल्या, गुणाजीला उघडून दाखवल्या. विंडोजचा पसारा एका कडेला सरकायलाच दुपार झाली. मग बांध घातला. एंटर दाबण्याआधी तिने आकडे पुन्हा एकदा वाचले. लिनक्सने एकेक प्रश्न विचारला आणि तिने कागदावर न लिहिता, डोक्यात असेल तसं उत्तर दिलं. मशीनला नाव काय द्यायचं, असंही त्याने विचारलं. ती थोडा वेळ थांबली आणि इंग्रजी अक्षरांत 'ओटी' लिहिलं. सगळं उतरायला लागलं तेव्हा तिने खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसली. परसात ठमाबाई सुकट निवडत होती. आपण असं का बसलोय हे तिने कोणाला सांगितलं नाही.

शेवटी मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. काळा पडदा आला. त्यावर एल आणि आय अशी दोन अक्षरं उमटली आणि तिथेच थांबलं. पुढे काहीच नाही. विंडोज नाही, लिनक्स नाही. तिने पुन्हा बंद केलं, चालू केलं. एल, आय. बस.

नेमका तेव्हाच गुणाजी आगासनच्या दामाजी पाटलांना घेऊन आला. त्यांना नातवाच्या बारशाची पत्रिका हवी होती. गुणाजीने पडदा बघितला.

"हे काय?"

"चालू होत नाहीये."

"मी सांगितलेलं, वहिनी. मी आधीच सांगितलेलं." त्याचा आवाज चढला नाही, पण पाटलांसमोर त्याचा चेहरा उतरला. पाटील उद्या येतो म्हणून निघाले.

ठमाबाई हात पुसत आत आली. "काय झालं रं?"

"मशीन बंद पाडलं हिने."

"आरं, नवरा तिकरं हाय तिचा," ठमाबाई म्हणाली. "तिचा जीव रमतंय तं रमू दे. तुझ्या पत्रिका काय पलून नय जात."

गोदाला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिने विंडोजची सुरुवातीची फ्लॉपी शोधून काढली, मधुने सांगून ठेवलेली आज्ञा दिली आणि आधी विंडोज परत आणलं. गुणाजीने स्वतः बसून एकेक पत्रिका उघडून बघितली. सगळ्या होत्या. तो उठला, आणि जाताना पंखा तिच्याकडे वळवून गेला.

तिने वागळे इस्टेटला मधुच्या ऑफिसात फोन लावला.

"एल आय वर थांबलं?" मधु म्हणाला. "मग फार काही बिघडलेलं नाही. तुमच्या मशीनचा आणि लिनक्सचा डिस्क मोजण्यात गोंधळ होतोय. फ्लॉपीवरून लिनक्समध्ये शिरा. चालू होताना कुठलं पाहिजे ते विचारतं ना, तो प्रोग्रॅम म्हणजे लिलो; त्याच्या फाइलीत एक शब्द घाला, लिनियर. मग लिलो पुन्हा चालवा."

"एवढंच?"

"एवढंच."

ती फ्लॉपीवरून शिरली, शब्द घातला, लिलो चालवलं, फ्लॉपी काढली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी लिलोची चारही इंग्रजी अक्षरं आली आणि पुढे थांबून मशीन तिची वाट बघायला लागलं. काही केलं नाही तर आपोआप विंडोज येईल, अशी सोय तिने गुणाजीसाठी ठेवली होती. तिने लिनक्स असं टाइप केलं. काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि शेवटी नाव विचारत कर्सर लुकलुकायला लागला.

म्हणजे हे. हे तो बघतो. तिने पडद्यावर तळहात ठेवला. काच कोमट होती.

त्या शुक्रवारी रिसीव्हर हातात आल्यावर ती म्हणाली, "मी लिनक्स टाकलं."

पलीकडून तो म्हणाला, "तू?"

"विंडोजही आहे. दोन्ही आहेत. मधुभावोजींनी मोडेमही दिलाय."

"मोडेम लागतोय? मग सोमवारी दुपारी मी सांगतो तसं कर." आणि त्याने त्याच्या ऑफिसातल्या मशीनवर कसं यायचं, काय टाइप करायचं ते सांगितलं. ओटीवर सगळे ऐकत होते, पण त्यातलं कोणाला काहीच कळत नव्हतं. गोदाच्या ते लक्षात आलं आणि पहिल्यांदाच ती आवाज न दाबता बोलली.

सोमवारी दुपारी घर निजलेलं होतं. मोडेम किंचाळून शांत झाला. तिने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, आणि पडद्याच्या मधोमध एक आडवी रेघ आली. वरचा अर्धा तिचा, खालचा त्याचा. खाली अक्षरं उमटायला लागली. पूर्ण वाक्य एकदम नाही, एकेक अक्षर, तो बोट ठेवेल तसं. इंग्रजी अक्षरांत मराठी.

"गोदा."

ती बघतच राहिली.

"आहेस ना?"

"आहे," तिने लिहिलं. मग लिहिलं, "तू कसा आहेस?" आणि तिला दिसलं की आपण तू लिहिलंय. ओटीवरून ती त्याला तू कधीच म्हणाली नव्हती. तिने ते खोडलं नाही.

खाली आलं, "असंच लिही."

पुढे आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, ते असे भेटायचे. मध्येच नळाला पाणी आलं की बाहेरून हाक यायची आणि तिला उठावं लागायचं. त्याच्या खोलीतले दोन केरळी मुलगे, ऑफिसबाहेरचं ऊन, खाडीतल्या निवट्या माशांची त्याला येणारी आठवण, सगळं ती खालच्या अर्ध्या पडद्यावर उमटताना वाचायची. फोनवर जे कळायचं नाही ते इथे दिसायचं: तो कुठे अडखळला, कुठला शब्द लिहून खोडला.

श्रावण संपत आला होता तेव्हा एकदा खाली उमटलं, "दिवाळीला मी ये". मग कर्सर मागे गेला. एकेक अक्षर नाहीसं झालं. "दिवाळीला" राहिलं, मग तेही गेलं.

"काय पुसलंस?" तिने लिहिलं.

"काही नाही."

"मी बघितलं."

त्याने लिहिलं, "येत नाहीये. कंपनीने आणखी दोन वर्षं मागितलीत. मी सही केली. शुक्रवारी सगळ्यांना सांगणार होतो."

"मला तिकडे नेशील?"

"फॅमिली व्हिसा माझ्या ग्रेडला मिळत नाही. दोनदा विचारलं."

ती काही लिहिणार इतक्यात खाली आलं, "थांब, साहेबांनी बोलावलंय. जाऊ नकोस." आणि खालचा अर्धा तसाच राहिला.

गोदा थांबली. समोर कोणी नव्हतं, फक्त रेघ आणि रेघेखालचा काळोख. तिने लिहायला सुरुवात केली. लिहिलं की तुझा आवाज मला आठवतो पण हसणं नीट आठवत नाही. लिहिलं की तू जाताना काढून ठेवलेला शर्ट मी मुद्दाम धुतला नव्हता, आईंनी भोळेपणाने धुतला, त्या दिवशी मी जेवले नाही. लिहिलं की मधुला जेवढा तू ठाऊक आहेस तेवढाही मला नाहीस, आणि याचा मला राग येतो, तुझा नाही, दिवसांचा. सही करताना मला विचारायचं होतंस, हेही लिहिलं. थांबलीच नाही. वरचा अर्धा भरला तशी अक्षरं पुन्हा वरच्या टोकापासून सुरू झाली आणि आधीच्या ओळींवरून जायला लागली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

बऱ्याच वेळाने खाली हालचाल झाली.

"आलो. वाचतोय."

ती हात मांडीवर ठेवून बसली. ओटीवर ठमाबाई उठल्याची चाहूल लागली.

"गोदा, तुझ्या आधीच्या ओळी निघून गेल्यात. मला शेवटच्या ओळी फक्त दिसतायत. सही करताना विचारायचं होतंस, ते दिसतंय. खरं आहे ते. आधी काय होतं?"

सांगावं की नाही, तिला ठरवता येईना. एकदा लिहून ती मोकळी झाली होती. पुन्हा तेच, आणि आता तो समोर बसून एकेक अक्षर बघणार.

"परत लिही," खाली आलं. "मी कुठे जात नाही."

बाहेरून ठमाबाईने चहा ठेवू का म्हणून विचारलं. गोदाने "ठेवा, येते," म्हटलं आणि खुर्ची पुढे ओढली. या वेळी तिने सावकाश लिहिलं, थोडंच लिहिलं, आणि शर्टाचं आधी लिहिलं.