तेवीस दिवसांचं जागरण

पावणेदहाच्या गाडीनं ईश्वरीला केजला जायचं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीवर हजर व्हायचा आज शेवटचा दिवस. गेली नाही तर जागा दुसऱ्याला. नऊ वाजले तरी ती पाळण्याशेजारच्या जुन्या लॅपटॉपपुढून हलली नव्हती.

युसूफ वडगाव या गावातलं त्यांचं घर म्हणजे पुढं पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनला लातूरला, नवरा चाकणला. सात महिन्यांचा वीरेश दिवसभर सासऱ्यांच्या, शिवलिंगअप्पांच्या हवाली राहणार. पण गिरणी घरघरायला लागली की मागं लेकरू कितीही रडो, पुढं ऐकू येत नसे. म्हणून तिनं लॅपटॉपचा कॅमेरा पाळण्याकडे वळवला होता. चित्र अप्पांच्या आणि तिच्या मोबाइलवर.

पण दहा मिनिटं झाली की चित्र थिजायचं. गेल्या सोमवारी मोबाइलवर वीरेश शांत झोपलेला दिसत होता. ती सहज आत गेली, तर दुपटं त्याच्या तोंडावर आणि ओठ निळसर. तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

खोट लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातच होती. नव्या कर्नलमध्ये ती दुरुस्त झालीय, एवढं तिनं शोधून काढलं. आज पहाटेच तो उतरवून घेतला आणि "मामा, आता एवढा लॅपटॉप बंद करून चालू करा," असं सासऱ्यांना सांगून ती वीरेशला न्हाऊ घालायला बसली.

आता बघते तर पडद्यावर कर्नलचा आकडा जुनाच.

"मामा, खरंच बंद केला होता ना?"

"आता काय शपथेला बेल उचलू? दोनदा केला. औषध लागू पडलं न्हाई व्हय?"

तिनं नवा कर्नल शोधला, होता. डिस्कवर जागा होती. सुरू होण्याच्या यादीत नाव पहिलं होतं. सगळं जागच्या जागी, तरी यंत्र जुन्याच गाभ्यावर चाललेलं. नऊ वीस.

बाहेरून दळणाला आलेली कडूबाई ओरडली, "अप्पा, दळण हाय का न्हाई आज? का सुनंनं गिरणी इकली?"

"थांब की जरा, उपाशी मरतीस का लगेच!" अप्पा वळले. "पोरी, मी आज गिरणीच बंद ठिवतो. जा तू."

"आज ठेवाल. उद्या?"



शेवटचं म्हणून तिनं यंत्राला विचारलं, तू किती वेळ चालू आहेस? उत्तर आलं: तेवीस दिवस, चार तास.

ती आकड्याकडे बघतच राहिली. "मामा, बंद केलात म्हणजे नेमकं काय केलंत?"

"गिरणी करतो तसंच. भितीवरचा खटका पाडला, अकरा येळा नमः शिवाय म्हनलं, पुन्हा वर केला. तेवढी उसंत मोटारीलाबी लागती."

"आणि उजेड गेला का पडद्याचा?"

"न्हाई. मला वाटलं, आसंल आत उरलेली लाइट."

"आत बॅटरी आहे, मामा!" तिला हसू का रडू कळेना. "तेवीस दिवस झोपलाच नाही हा पठ्ठ्या. आणि झोपून उठल्याशिवाय नवा गाभा चालू होत नाही."

तिनं स्वतः यंत्र पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला. अप्पांचे ओठ सवयीनं हलायला लागले. नववा की दहावा जप चालू असताना पडदा उजळला आणि तिनं आकडा पाहिला. नवा.

पण थिजतंय का, ते दहा मिनिटांनीच कळणार होतं. तिनं स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून पाळण्यामागं टांगलं, कॅमेऱ्याला दिसेल असं. थिजलेलं चित्र ओळखायचं तर सेकंदकाट्यावरूनच. नऊ एकतीस. मोबाइल हातात धरून दोघं काटा बघत उभे राहिले. आठ मिनिटं. दहा. अकरा. काटा फिरतच होता.

फाट्यावर हॉर्न वाजला.

"काटा थांबला की आत पळायचं, मामा. चित्रावर विश्वास ठेवायचा नाही."

"आगं पळ!"

गाडीत खिडकीशी टेकून तिनं मोबाइल उघडला. काटा फिरत होता. वीरेशनं पाय झाडले. दुपटं सरकलं, छातीवर आलं, हनुवटीवर आलं. तिनं अप्पांना फोन लावायला अंगठा उचलला, तोच चित्रात पिठानं पांढरा झालेला एक हात आला आणि दुपटं बाजूला झालं.