खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, गाडीखाली वाकून सहसा कोणी बघत नाही, म्हणून आपली ओळख झाली नसेल. मी एक जुना रबरी बुश. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसून रस्त्याचे धक्के पचवायचे, हे माझं काम. फरीदाबादच्या कारखान्यात मी जन्मलो. १९९४ साली, तिथल्याच नव्या वसाहतींत, म्हणजे सेक्टरांत, घरोघरी गाड्या येऊ लागल्या, तेव्हा मी बळवंतरावांच्या पांढऱ्या गाडीत रुजू झालो.

बळवंतराव केंद्र सरकारच्या कचेरीतले, भलतेच टापटिपीचे. त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाई दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवत, रोज याच गाडीनं जात. बाईंची पाठ अधू होती. धक्के बसत राहिले तर नोकरी सोडावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी जीव ओतून काम केलं. "गाडी कशी अलगद चालते," असं बाई म्हणाल्या की मी हरखून जायचो.

खंडेनवमीला बळवंतराव शिलाई मशीन, अडकित्ता, बिजागऱ्या सगळं पुसून तेल द्यायचे. मी जरा कुरकुरायचो, म्हणून उरलेलं इंजिन ऑइल मलाही मनापासून चोपडायचे. नको म्हणावंसं वाटे, पण मला तोंड कुठलं! तिसऱ्या वर्षी मी सुजलो, मऊ पडलो, फाटलो. प्रत्येक खड्डा थेट बाईंच्या पाठीत जाऊ लागला. त्यांनी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला.

मेकॅनिकने मला काढून तळहातावर घेतलं. "साहब, तेल से रबड़ गल जाती है. इसको सिलिकॉन ग्रीस चाहिए, वो भी ज़रा-सी."

बळवंतराव ओशाळले. "मी तर मायेनंच लावत होतो."

"माझ्या पाठीचंही तेच," शेजारी उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांनी नको म्हटलं तरी रोज तेल लावून रगडता. मला दुखतं. तुमचा उत्साह बघून बोलले नाही, इतकंच."

बळवंतराव त्यांच्याकडे वळले. "मग तुला काय हवं?"

"सकाळी अर्धा तास आडवं पडायला. तेवढा डबा तुम्ही करा."

आठवडाभर पोळ्या करपल्या, पण राजीनामा पर्समध्येच राहिला. माझ्या जागी नवा बुश आला, त्याला योग्य ते ग्रीस मिळालं. मी डिकीत पडून असतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, कुणाची काळजी घ्याल तेव्हा त्याला काय मानवतं ते आधी विचारा. मला कुणी विचारलं नाही. बाईंना विचारलं, आणि त्या अजून शिकवायला जातात.