चांदीची चाल

"बाबा, ती चालत नाही, दूध देत नाही, आणि तुम्ही तिच्यापायी इथे अडकून पडलात. दिवाळीपर्यंत बरी झाली तर ठीक, नाहीतर मी गिऱ्हाईक आणतो," असं म्हणून प्रीतमने स्कूटर चालू केली आणि तो विरारच्या फ्लॅटकडे निघूनही गेला.

गंगाराम गोठ्याच्या दारात तसाच उभा राहिला. भांडायचं तर समोर माणूस लागतं, आणि लेकाला सदा घाई. बायको चंद्रकांता वारल्यापासून घरात जो काही आवाज होता तो या म्हशीचा. तिचं रवंथ ऐकल्याशिवाय म्हाताऱ्याचा डोळा लागत नसे. एके काळी जूचंद्र गावात दारोदारी म्हशी होत्या. आता इमारतींच्या मधोमध चांदी एकटीच उरली होती, आणि तिचंही मागचं खूर सडलं होतं.

त्याच सुमारास जागृती येऊ लागली. गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजातली ही पोरगी. जनावरं लंगडतात का, एकाची खूरसड दुसऱ्याला लागते कशी आणि ती थांबवायची कशी, यावर तिचं संशोधन चाललं होतं. दर आठवड्याला ती चांदीला डांबरी रस्त्यावर चालायला लावायची, मागे उकिडवी बसून पाय बघायची आणि मार्क द्यायची. पहिल्या खेपेला चांदीला तीन मिळाले. प्रीतमला शाळेत कधी धड मार्क पडले नव्हते, त्यामुळे गंगाराम भलताच खूश झाला. मग कळलं की मार्क लंगडण्याचे, इथे शून्यवालाच हुशार.

"काका, हा रोग एका जनावराचा दुसऱ्याला लागतो. ही तर एकटी. मग हिला दिला कोणी?"

"एकदम एकटी, बाय. माज्यावानी."

"चरायला कुठे नेता?"

"कुठंच नाय. चारा हितंच आनतो."

यात तो काही खोटं बोलला नव्हता.

जागृतीने गोठ्याच्या दारात एक पसरट घमेलं ठेवलं, त्यात औषधाचं पाणी. रोज त्यात चांदीचे पाय बुडवायचे. गंगारामने ते इमानेइतबारे केलं. तरी खूर काही भरेना. दिवाळी जवळ आली तसं म्हाताऱ्याला अन्न गोड लागेना.

एका संध्याकाळी जागृती न कळवता आली, तर घर उघडं आणि गोठा रिकामा. शोधत शोधत ती जुन्या मिठागरापाशी पोचली. गंगाराम आणि चांदी दोघंही गुडघाभर पाण्यात उभे.

"काका! हे काय?"

"दवा, बाय. खूर सडलं का खाऱ्या पान्यात उभं करायचं. बापानं हेच केलं. आमची चंद्रकांताबी हिला रोज हितं आनायची."

"मी विचारलं होतं ना, कुठे नेता म्हणून?"

"तू चरायचं विचारलंस. हितं चरायला काय हाय?"

जागृतीला हसावं की रडावं कळेना. तिने बांधापलीकडे बोट केलं. तिथे गावाबाहेर झालेल्या नव्या तबेल्याचं शेणामुताचं पाणी पाइपातून थेट मिठागरात पडत होतं.

"इथे आता मीठ कुठे राहिलंय, काका? त्या सगळ्या म्हशींची खूरसड ही रोज इथून घरी घेऊन जाते."

गंगाराम पाण्याकडे बघतच राहिला. बायकोची वाट मोडायची नाही म्हणून तो रोज इथे येत होता. इथे उभं राहिलं की ती बांधावर बसलीय असं वाटायचं. "म्हंजे मीच हिचा पाय खाल्ला," तो म्हणाला, आणि पोरीसमोर त्याचे डोळे भरून आले.

मिठागर त्या दिवसापासून बंद. घमेलं तेवढं चालू राहिलं. दिवाळीत प्रीतम आला, चांदीचा भरत आलेला पाय बघून गेला, आणि गिऱ्हाइकाचं नाव काही त्याने काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात जागृती आली तेव्हा गंगारामने दोन कप चहा आधीच ओतून ठेवला होता. आठवड्यातून एकदाच त्या घरात दुसरा कप निघायचा.

"आज शून्य आलं की सुटलात, काका. माझं इथलं काम संपलं. मग काही मी त्रास द्यायला येणार नाही."

"त्रास कसला," गंगाराम पुटपुटला.

त्याने कासरा धरला आणि चांदीला रस्त्यावर काढलं. जागृती मागे उकिडवी बसली. म्हातारा म्हशीच्या कानाशी वाकला.

"थोडी लंगड ना गो," तो हळूच म्हणाला. "आजच्या दिस."

चांदीने कान हलवला आणि चारही पाय नीट टाकत सरळ चालत गेली. मागे जागृतीने टाळ्या वाजवल्या.