उफराटी भिंत

चिमूरची दिव्यानी तीन महिन्यांचा परवाना घेऊन चुनखडीच्या खाणीवर आली आणि त्यातले अडीच महिने तिने खालचे थर मोजण्यात घालवले. वरचा कडा काय पळून जातो, असा तिचा हिशेब. कडा पळाला नाही. मागच्या मंगळवारी सुरुंगाने त्याची खडी झाली. तिचे जीवाश्म नेमके त्यातच होते. मासा नव्हता, झाड नव्हतं, तेव्हाच्या उथळ समुद्रात शेवाळाच्या थरावर थर चढून झालेले दगडी घुमट. फोडले तर आत कांद्यासारखे पापुद्रे. कोणता घुमट किती खोलीवरचा, हे कळल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता. परवान्याचा आज शेवटचा दिवस होता.

"कांदेदगड ना?" शेजारी डबा खात बसलेले लटारूभाऊ म्हणाले. "आधी काऊन नाई विचारलं? माह्या घरी हायेत."

लटारूभाऊ वीस वर्षं या खाणीत दगड निवडत होते. कांदेदगड भट्टीला चालत नसे, म्हणून तो फेकायचा. एकदा एक साहेब बोलले, तू चांगला माल फेकतोस. भाऊंनी असा धसका घेतला की नवा थर लागला की त्यातला एक फेकलेला दगड पुरावा म्हणून सायकलवर घरी. वर लाल रंगाने लिहिलेलं, माथ्यापासून किती हात खोल. साहेब बदलून गेले. पुरावा कोणीच मागितला नाही. शेवटी त्या दगडांची वांग्याच्या वाफ्याला भिंत झाली.

भिंत पाहून दिव्यानीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. सगळ्या घुमटांची डोकी खाली. तळाच्या दगडावर 'दोन हात', वरच्यावर 'एक्कावन'. मग तिच्या ध्यानात आलं. खाणीतून आधी निघाला तो दगड भिंतीतही आधी बसला होता. आणि वरचा दगड नीट टेकावा म्हणून भाऊंनी प्रत्येकाचं गोल डोकं चिखलात दाबून सपाट बाजू वर ठेवली होती. ती भिंतीकडे पाठ करून वाकली आणि पायांमधून पाहू लागली.

"पाठ भरली का व पोरी?" भाऊंच्या बायकोने, रुखमाबाईंनी विचारलं.

"नाई बाई. खाण पाहून राह्यली."

अख्खा कडा तिथे उभा होता, एकही थर न गाळता. तिचे डोळे भरून आले. वाकलेली असल्यामुळे पाणी कपाळाकडे गेलं.

"दगड नेल्याबिगर होणार नाई, बाई."

"ने. पण माह्या वांग्याले बकऱ्या लागतीन, त्याचं का?"

तेवढं भाऊंनी मिटवलं. काट्या रोवल्या आणि स्वतःच एकेक दगड उतरवून, चिखल धुऊन तिच्या हाती दिला. वीस वर्षांनी कोणीतरी पुरावा मागितला होता. माणूस खुशीत होता.

दिव्यानीने वही उघडली. "या थरांना नाव तुमचं देते, भाऊ. तुमच्यामुळेच वाचली मी."

"रुखमाचंही लिवा. चिखल तिनंच तुडवला." भाऊ जरा घुटमळले. "पण उफराटी लावली होती, ते नका लिवू."

"ते तर लिहावंच लागेल, भाऊ."

"लिव, लिव," रुखमाबाई म्हणाल्या. "चांगलं मोठ्या अक्षरात लिव."