पहिल्या वर्षी तोडायचं नाही

मोरेश्वरने रुबार्बचे लाल देठ कापून हिरव्या कचरापेटीत टाकले आणि पानं ओट्यावर उलटी पसरली. जाड शिरा लाटण्याने दाबल्या. डाळीच्या पिठात चिंच, गूळ, तिखट, हळद कालवली. त्याची बायको सरला तीळ घालायची. ते कुठे ठेवलेत, त्याला सापडलं नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, बेस्ट या डच गावात साथीमुळे सगळं बंद असताना, शेजारच्या योकेने रुबार्बचं हे मूळ कुंपणावरून दिलं होतं. पहिल्या वर्षी काही तोडायचं नाही, मूळ धरू दे, असं बजावून. पानं ताटलीएवढी झाली तेव्हा सरला वाफ्यापाशी उकिडवी बसली होती.

"अळूच की हो हे. पुढच्या वर्षी वड्या करू. तोवर हात लावायचा नाही."

नोव्हेंबरमध्ये ती गेली. हॉस्पिटलात दिवसाला एकालाच, तासभर सोडत. त्यानंतर तो वाफ्याला पाणी घालत राहिला. पानाला हात लावला नाही.

वड्या उकडून, कापून, तळून झाल्या. कढईतून एक उचलायला हात गेला आणि आपोआप मागे आला. अशा वेळी सरला झारा दाखवायची. त्याने आधी चार तिच्या फोटोपुढे ठेवल्या. मग, तीच करायची तसं, शेजारी द्यायच्या. कुंपणालगतच्या बाकावर ताटली ठेवून तो मागे सरकला.

योकेने वास घेतला. सत्तरीची बाई, मोडक्या इंग्रजीत बोलायची.

"छान दिसतंय. काय आहे?"

"तुझंच रुबार्ब. पानांच्या वड्या."

तोंडाशी नेलेली वडी तिने ताटलीत ठेवली.

"तू किती खाल्ल्यास?"

"अजून एकही नाही."

"खरं सांग, मोरेश्वर."

"खरंच. आमच्यात आधी तिला, मग शेजारी. मग मी."

योकेने ताटली दूर सारली.

"पानं विषारी असतात. देठ खातात. मी सांगितलं नव्हतं?"

"पहिल्या वर्षी तोडायचं नाही, एवढंच सांगितलंस."

"अरे देवा! मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत असतं." मग तिने विचारलं, "देठ कुठे आहेत?"

"कचऱ्यात."

ती फिसकन हसली.

"काढ. नीट धू. आंबट असतात, साखर घाल भरपूर."

घरात येऊन त्याने सगळ्या वड्या पिशवीत बांधून टाकल्या. फोटोपुढच्या चार शेवटी उचलल्या.

"वर्षभर थांबवलंस," तो म्हणाला. "ते हे खायला घालायला?"

हसू आलं. इतकं की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

देठ त्याने तीनदा धुतले. साखर घातली नाही. आंबट चुक्यासारखे चिरून तुरीच्या डाळीत सोडले, वर गुळाचा खडा. उकळी आल्यावर चव बघायला पळी तोंडापाशी नेली, आणि तो थांबला. फडताळातून आधी छोटी वाटी काढली.