रेघेच्या आतलं घर

टेकडीवरच्या कॉलेजचं हॉकीचं मैदान प्रत्येक मॅचनंतर थोडं वाढायचं, आणि रंगराव इंगवले ज्या बाजूला उभे असत त्याच बाजूला वाढायचं. बाकीच्या तीन बाजू जिथल्या तिथं होत्या. रंगराव मॅच नेहमी रेघेबाहेर उभं राहून बघत. पुढच्या खेपेला जावं, तर आधी ते जिथं उभे होते तिथूनच फक्कीची पांढरी रेघ गेलेली असे. मग ते मुकाट्यानं मागं सरत. मैदानाला जागा करून देण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

तसं बघितलं तर कोल्हापुरात हॉकीवर जीव लावणं म्हणजे गुळाच्या पेठेत साखर विकायला बसणं. इथं फुटबॉलपायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. पण रंगराव कॉलेजात असताना त्यांना हॉकीच्या टीममध्ये घेतलं गेलं नाही, आणि ज्या टीमनं घेतलं नाही तिच्यावरच त्यांचं मन बसलं. माणसाचं असं होतं खरं. दूध संघात नोकरी लागल्यावर त्यांनी सकाळचीच पाळी मागून घेतली, म्हणजे दुपार मैदानाला मोकळी. बढती आली ती नाकारली, कारण बढती सांगलीला होती आणि सांगलीत ही टीम नव्हती. टीम बहुतेक वेळा हरायची. रंगराव घरी येऊन चप्पल काढत आणि बायकोला म्हणत, "थोडक्यात गेली." शालन विचारायची नाही की किती थोडक्यात. लग्न झाल्यापासून तिनं दुपारचा चहा एकटीनंच घेतला होता.

मैदानावर रंगरावांची एक पत होती. हॉकीत चेंडू पायाला लागला की ती चूक, आणि अंपायरला दिसलं नाही तर बघणाऱ्यांनी "पाय" म्हणून ओरडायचं, ही जुनी रीत. लागो न लागो, सगळेच ओरडतात. रंगराव मात्र लागलेला दिसल्याशिवाय कधी ओरडले नाहीत, आणि दिसल्यावर आपल्या टीमच्या पोराचा पाय असला तरी गप्प बसले नाहीत. त्यांचा आवाज आला की अंपायर वळूनसुद्धा न बघता शिट्टी मारत. रंगरावांना याचा फार अभिमान होता. टीमच्या पोरांना अर्थातच नव्हता.

रेघ सरकत सरकत कॉलेजच्या कुंपणाबाहेर आली, रस्ता ओलांडून पलीकडं गेली आणि मुजावरांच्या चहाच्या टपरीमधून गेली. त्या दिवसापासून शेवटची शिट्टी वाजायची बंद झाली. मॅच संपेना, आणि मॅच संपेना म्हणून दुपारही संपेना. ऊन चारच्या सुमाराचं होतं, ते तसंच राहिलं. पोरं पळत राहिली. रंगरावांना वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. देवळात बसलेल्याला आरती लांबली म्हणून कोण उठवतं?

रेघेच्या आत जो सापडला तो मॅचमध्ये धरला जाई. शिट्टी वाजली की थांबायचं, पुन्हा वाजली की पळायचं. वय काहीही असो, पाय आपोआप पळत. आतल्या माणसाला रेघ ओलांडता येत नसे. तो तिच्याकडं जेवढी पावलं टाकी तेवढी ती पुढं सरके. बाहेर पडायला वाट एकच, कार्डाची. हिरवं म्हणजे थोडा वेळ बाहेर, पिवळं म्हणजे त्याहून जास्त, आणि तिसऱ्यांदा चुकलं की तांबडं. तांबडं म्हणजे मॅच संपेपर्यंत परत आत यायचं नाही. मुजावरांना तांबडं मिळालं तेव्हा त्यांनी किटली खाली ठेवली, खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले आणि चालू लागले. त्यानंतर ते कुणाला दिसले नाहीत.

रंगराव मागं सरत गेले. टेकडीच्या पायथ्याला त्यांची कॉलनी, कॉलनीत त्यांचं घर. पाठ फाटकाला लागली, मग पायऱ्यांना, मग दाराला. शेवटी ते स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मैदानाचा माळी बंडा फक्कीचा डबा घेऊन आत आला.

"काका, रेघ भिंतीच्या पलीकडनं न्यायला लागतीय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मैदान जिथं संपतंय तिथं मारायची."

"आणि आमचं घर?"

"ते आत आलं की," बंडा म्हणाला, आणि मागच्या दारानं रेघ मारत निघून गेला.

शालन मेथी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "म्हणजे आता तुम्ही कुठं जाणार नाही?"

"कुठं जाणार? मैदान इथंच आलंय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिनं दोन कप चहा टाकला. रंगरावांना तो चहा गोड लागला. इतकी वर्षं ही बाई दुपारी काय करत असेल, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि त्यांना लाज वाटली.

पहिली शिट्टी झाली तेव्हा शालननं पदर खोचला आणि कपडे वाळत घालायची काठी हातात घेतली. रंगरावांना वाटलं होतं ही रडकुंडीला येईल. ती तर पळाली. साठीची बाई सोप्यातून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात पळत होती आणि चेंडू काठीनं नेमका अडवत होती. "तुम्हाला रोज भाकरी थापून घातल्या त्या काय हातानं? मनगटानं घातल्या," ती म्हणाली. मध्यांतराची शिट्टी झाली की दोघं पाटावर बसून जेवत आणि ती विचारी, "चेंडू उंच मारला तर का चालत नाही?" रंगराव सांगत. ती ऐके. कुणाला सांगून खोटं वाटेल, पण त्यांच्या संसारातले सगळ्यांत सुखाचे दिवस ते हेच. दिवस म्हणायचं एवढंच, दुपार तीच होती.

पोरं मात्र बोलत नसत. निळ्या जर्सीतली आपली आणि पांढऱ्या जर्सीतली दुसरी, घरातून धाडधाड पळत जात आणि फरशीवर पावलांऐवजी फक्की उरे. रंगरावांना त्यांतले काही चेहरे ओळखीचे वाटत. लेफ्ट आऊट खेळणारा तो घाऱ्या डोळ्यांचा मुलगा त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वर्षी बघितला होता. त्याच्या ओठावर तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. अजून तेवढंच होतं.

शालनला हिरवं कार्ड मिळालं ते अंपायरमुळं. तो बूट घालून स्वयंपाकघरात आला. तिनं त्याला सांगितलं, बाहेर काढून या. अंपायर सभ्य माणूस होता. त्यानं बूट काढले आणि कार्ड दाखवलं. तेवढा वेळ ती रेघेपलीकडं, मागच्या दाराबाहेरच्या धुण्याच्या दगडावर बसली आणि मग आत आली. पिवळं मिळालं त्या घाऱ्या पोरामुळं. तो पळत असताना तिनं त्याचा दंड धरला आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावला. "पाणी पी रे आधी. किती वर्षं पळतोयस." पोरानं तोंड उघडलं. पाणी हनुवटीवरून ओघळून सगळं फरशीवर सांडलं, घोटभरसुद्धा आत गेलं नाही. शालन कार्ड घेऊन बाहेर गेली, परत आली, आणि फरशीवरचं पाणी पुसत बसली.

"आता जपायचं," रंगराव म्हणाले. "तिसरं तांबडं असतंय."

"तांबडं मिळालं तर?"

"तर मी इथं एकटा."

"आणि मी?"

मुजावर कुठं गेले हे रंगरावांना माहीत नव्हतं. त्यांनी शालनच्या पायांकडं बघितलं. टाचांना भेगा, बोटांत जोडवी. हे पाय जपले पाहिजेत, एवढंच त्यांना सुचलं. ते तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले, चेंडू आला की पाय मागं, काठी पुढं. झोपेतसुद्धा सांगत.

मैदानाची ही बाजू वाढता वाढता एवढी लांब झाली की मैदान याच अंगानं लांब आहे असं सगळे धरून चालले. मग एका मध्यांतरात गोलपोस्ट आणले आणि स्वयंपाकघरात, ओटा आणि मोरी यांच्या मधे बसवले. टीमनी बाजू बदलल्या. अंपायरनं सांगितलं, "हा गोल पांढऱ्यांचा. इथं जो उभा असेल तो पांढऱ्यांकडून." शालन ओट्यापाशी उभी होती. रंगराव माजघरात होते, म्हणजे निळ्यांकडून. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या टीममध्ये होते. त्यांनी शालनकडं बघून हात केला. तिनंही केला. दुधाचं पातेलं गॅसवर चढवलेलं होतं.

शिट्टी झाली. निळी पोरं आत घुसली. घाऱ्यानं चेंडू असा मारला की तो ओट्याखाली, सिलिंडरच्या मागं जाऊन अडकला. अंपायर दाराकडं वळलेला होता, कारण तिथं दोन पोरं एकमेकांना धडकली होती. शालन वाकली. काठी पोचेना. मग घरातली कुठलीही बाई करील तेच तिनं केलं. ओट्याखाली गेलेला कांदा ओढावा तसा पाय आत घालून चेंडू बाहेर ओढला.

"पाय!"

आवाज घरभर घुमला. चांगला, खणखणीत, इतक्या वर्षांच्या सवयीचा आवाज. तो आपला आहे हे रंगरावांना ऐकल्यावर कळलं. भाकरीचा तुकडा खाली पडायच्या आधी हात पुढं जातो, तसं ते तोंडातून गेलं होतं.

शिट्टी वाजली आणि सगळे थांबले. अंपायर सावकाश आत आला. मोजे घातलेले होते, पावलांचा आवाज झाला नाही.

"कुणाचा पाय?"

रंगरावांनी तोंडावर हात धरला.

"मला दिसलं नाही," अंपायर म्हणाला. "पण आवाज इंगवल्यांचा होता. आवाज ओळखतो मी. तुम्ही कधी खोटं ओरडला नाहीत."

रंगरावांच्या मागं निळी पोरं उभी होती. पाय धरला तर त्यांना पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलावर मारायची संधी, मिळणार होता, एवढ्या वर्षांत इतक्या जवळून बघायला मिळणारा पहिलाच. त्यांनी पोरांकडं पाठ केली.

"नाही लागला," ते म्हणाले. मैदानावर खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. शब्द जिभेवर खड्यासारखे लागले.

"मघाशी लागला म्हणालात."

"चुकलं माझं. उन्हानं दिसलं नाही. नाही लागला, साहेब, मी सांगतो की. माझ्या शब्दावर तुम्ही इतकी वर्षं शिट्टी मारली, आज एकदा मारू नका."

अंपायरनं शालनकडं बघितलं. "बाई, यांचं कुठलं खरं धरायचं? मघाचं का आत्ताचं?"

शालननं काठी ओट्याला टेकवून उभी केली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तिला राग आलेला नव्हता. राग असता तर रंगरावांना सोपं गेलं असतं. तिच्या तोंडावर एवढंच होतं की आपल्याला हे कधीचंच माहीत होतं.

"मघाचं," ती म्हणाली.

अंपायरनं तांबडं कार्ड काढलं.

तिनं खोचलेला पदर सोडून नीट केला, कपाळावरचा घाम पुसला. "दूध बघा," ती म्हणाली. "तुम्ही बघत नाही आणि उतू जातंय." मग तिनं मागचं दार उघडलं, रेघेवरून पाऊल टाकलं आणि बाहेर गेली.

"शालन, थांब," रंगराव म्हणाले, आणि तिच्या मागं निघाले.

ते दारातून बाहेर पडले तशी रेघ धुण्याच्या दगडाच्या पलीकडं गेली. शालन दगडापाशी होती, तिला लगबगीनं शेवग्याच्या झाडापर्यंत जावं लागलं. रंगराव झाडाकडं आले तशी रेघ झाडामागं गेली, आणि शालन बोळात गेली. तांबडं मिळालेल्या माणसाला आत राहता येत नाही. बंडा कुठूनसा आला होता आणि तिच्या टाचांच्या मागं मागं वाकून फक्की टाकत होता. रंगराव पळू लागले. शालनही पळू लागली. बोळ संपला, कॉलनी संपली, पुढं मोकळा माळ होता. तिच्या नऊवारीचा काठ फक्कीनं पांढरा झाला होता. ती एकदा ठेचकाळली, सावरली आणि पळत राहिली. साठीच्या बाईला किती पळवायचं.

तेव्हा रंगरावांना कळलं. त्यांनी उचललेलं पाऊल खाली टेकवलं नाही. ते एका पायावर उभे राहिले. रेघ थांबली. पलीकडं, माळावर, शालनही थांबली. ती धापा टाकत होती. तिनं वळून बघितलं. दोघांच्या मधे चार पावलांचं अंतर होतं, आणि एक रेघ.

"अशीच उभी राहा," रंगराव म्हणाले. "मी हलत नाही."

"बरं," ती म्हणाली.

मागं, बोळाच्या सरळ रेषेत, लांबवर उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. निळी पोरं कॉर्नरसाठी ओळीनं वाकून, शिट्टी वाजली की पळायला तयार उभी होती. गॅसवर दूध वर चढत होतं. अंपायरनं एक हात उंच केला, आणि दुसऱ्या हातानं शिट्टी तोंडाकडं नेली.