मागून चालणारी

ती कधीच कुणाच्या पुढे चालायची नाही. दुकानाला कुलूप लावून मी बाजारात निघाले, की ही आपली मागे. मी थांबले की थांबणार, वळले की वळणार. "अगं, पुढे हो ना" म्हटलं, की मान हलवून तिथेच उभी. पाठीला सतत कुणाचे तरी डोळे चिकटलेले असले की काय वाटतं, ते मला विचारा. मी पर्स पोटाशी धरून चालायला लागले होते.

मुळात माझा स्वभाव संशयी, आणि धंद्याने तो आणखी वाढवला. आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. "काही केलं नाही हो, आपोआपच चेन तुटली," असं सांगत लोक येतात. आपोआप! निम्मं घर त्या बॅगेत कोंबलेलं असतं आणि वर गुडघा देऊन चेन ओढलेली असते. आमचे हे गेले, तेव्हापासून दुकान मीच बघते. वरच्या खोल्यांमध्ये मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई राहतो. वन्सं शाळेत भाषा शिकवायच्या. शाळा सुटली, शिकवणं काही सुटलं नाही. मी "चहा टाकलाय" म्हटलं, तर अजूनही विचारतात, "कुठे टाकलास?"

मुलीला घरी आणायची कल्पना वन्संचीच. सोळा-सतराची पोर, सीमेपलीकडून एकटी आलेली. आसऱ्यासाठी केलेल्या तिच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत एखाद्या घरात ठेवायची, असं निर्वासितांच्या कार्यालयाने ठरवलं, आणि वन्संनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. तिचं सांगणं खरं ठरलं तर ती इथे राहणार, शिकणार. खोटं ठरलं तर आली तिकडे परत, आणि तिकडे तिचं कुणीच उरलेलं नव्हतं. कार्यालयातल्या बाई घरी येऊन तिची हकिगत ऐकणार होत्या. आम्हालाही विचारणार होत्या, की मुलगी कशी आहे, खरं बोलते का. दुभाष्या मिळत होता. पण तो तिच्याच मुलखातला निघाला आणि त्याला बघताच हिने जे तोंड मिटलं ते तो जाईपर्यंत उघडलं नाही. संशयाच्या बाबतीत ती माझ्या वरताण होती.

म्हणजे जे सांगायचं ते आमच्या भाषेत, आणि भाषा तर येत नाही. वन्संनी कंबर कसली. कुठूनसं एक पुस्तक आणलं. लहान वयात देश सोडून निघालेल्या मुलामुलींच्या प्रवासाच्या हकिगती, आणि प्रत्येकीच्या खाली कठीण शब्दांचे अर्थ.

"वन्सं, हे कसलं पुस्तक? आधी साधं काहीतरी शिकवा. ससा, कासव."

"ससा-कासव घेऊन ती कार्यालयात काय करणार आहे? तिला लागणारे शब्द यात आहेत."

मग रोज दुपारी वरून आवाज यायचे. सीमा. आसरा. ताडपत्री. दलाल. एके दिवशी 'वाट' या शब्दाचा समाचार घेणं चाललं होतं. वाट म्हणजे रस्ता, मग वाट चुकणे, वाट अडवणे, वाट लागणे, वाट लावणे. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक भलीमोठी प्रवासाची बॅग घेऊन आलं, तर ही त्यांना हसून म्हणते, "काळजी नको. काकू तुमच्या बॅगेची वाट लावते." त्यांनी बॅग परत उचललीच होती. मीसुद्धा पोट धरून हसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात आलं, ही चुकली की मुद्दाम बोलली?

कारण संशयाला जागा पुष्कळ होती. ती आली तेव्हा तिच्याकडे दोन बॅगा होत्या. एक तिची, आणि एक मोठी, पुरुषाची. मोठीच्या चेनचा रनर निखळलेला. मी सवयीने हात पुढे केला तर तिने बॅग छातीशी ओढली. बॅगा दुरुस्त करणाऱ्या घरात राहून बॅग दुरुस्त करून घ्यायची नाही, याला काय म्हणायचं?

"कुणाची गं ही?"

"दादाची."

"दादा कुठे आहे?"

"दादा गेला."

"कुठे गेला?"

"गेला," एवढंच, आणि नजर दाराकडे.

झालं. माझ्या डोक्यात गणित जुळलं. दादा इथेच कुठेतरी आहे. आधी बहिणीला घरात घुसवायचं, ती घराची माहिती काढणार, मग एक दिवस हे महाशय बॅग न्यायला येणार आणि बॅगेबरोबर आणखी काय काय नेणार कोण जाणे. ती खिडकीशी बसायची ती उगाच नाही. दुकानातसुद्धा स्टूल भिंतीला टेकवून बसायची, आम्ही सगळ्या डोळ्यांसमोर राहू अशी.

आणि मग मला तिची चोरी सापडली. एका दुपारी मी चहा घेऊन वर गेले, तर ती वन्संना आपली हकिगत सांगत होती. "ट्रकमध्ये आम्ही ताडपत्रीखाली श्वास रोखून पडून होतो. दलालाने आमची ओळखपत्रे काढून घेतली. पहाटेच्या थंडीने हुडहुडी भरली होती." एवढी शुद्ध भाषा? हीच मुलगी सकाळी मला "काकू, दूध पडला, मी नाही पडला" असं सांगत होती!

वन्संचं पुस्तक मी गुपचूप खाली नेलं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचत बसले. ट्रक सापडला. दलाल सापडला. हुडहुडी तर शब्दाला शब्द तशीच, कुणा भलत्याच मुलाच्या तोंडची. खोट काढायची म्हणून मी ते पुस्तक या पुठ्ठ्यापासून त्या पुठ्ठ्यापर्यंत वाचलं. इतकं मन लावून मी शाळेतसुद्धा कधी वाचलं नव्हतं.

"वन्सं, ही पोर आपल्याला बनवतेय. गोष्ट पाठ केलीय तिने."

"अगं, शब्द मीच तिला त्या पुस्तकातून दिले. ती दुसरे कुठून आणणार?"

"आणि दादाचं काय? परवा काय म्हणाली माहीत आहे? 'मी वाट बघत होते, म्हणून दादा गेला.' दादा बरोबर होता, तर ही वाट कुणाची बघत होती? आणि ही थांबली असताना तो का जाईल? खोटं बोलायचं तर निदान जुळवून तरी बोलावं."

यावर वन्सं गप्प बसल्या. वन्सं गप्प बसल्या म्हणजे मी जिंकले, असं मी धरून चालते.

कार्यालयातल्या बाई आल्या त्या एका सकाळी, थेट दुकानातच. चेहरा सौम्य, पण डोळे आमच्या धंद्यातले, सगळं उलटंपालटं करून बघणारे. मुलगी भिंतीला टेकून बसली आणि तिने सुरुवात केली. ताडपत्री आली, दलाल आला. हुडहुडीपाशी बाईंचं पेन थांबलं.

"हे पुस्तक मीही वाचलंय," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं? खरं बोलते का ही?"

मुलीला प्रश्न कळला. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी असती तर मी आणखी संशय घेतला असता. तिथे नुसती भीती होती, आणि तीही माझी. मला ते आवडलं नाही, पण मी मनातलं बोलले.

"एक गोष्ट मला पटत नाही," मी तिलाच म्हटलं. "दादा तुझ्याबरोबर होता ना? मग वाट कुणाची बघत होतीस?"

"कुणाची?" तिला कळेना. "वाट. वाट बघत होते."

"हो, पण कुणाची?"

तिने वन्संकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मग उठली आणि माझा हात धरून मला दुकानाच्या मधोमध उभं केलं. दादाची बॅग एका खांद्यावर घेतली, आपली दुसऱ्या खांद्यावर. आणि माझ्याकडे पाठ करून पुढे उभी राहिली. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने कुणाकडे पाठ केली होती.

"मी पुढे. काकू दादा. मागे," ती दाराकडे बघत बोलायला लागली. "इथे पाणी, मोठा कालवा. इथे वाट, छोटी. अंधार. दादाला ताप. दादा म्हणाला, बॅग तू घे. तू वाट बघ. गाडी येते, माणूस येतो, बघ. मागे बघू नको. आवाज नको." तिने बोटाने जमीन दाखवली, मग लांबवर दाराबाहेर. "मी वाट बघितली. खूप. पुढे, पुढे, वाटच बघितली. मग मागे बघितलं."

ती वळली. मी तिथेच उभी होते, पण तिने माझ्या पायाशी बघितलं, फरशीकडे.

"दादा गेला. दादाने आवाज नाही केला. आम्ही ठरवलं होतं, आवाज नको."

वन्संनी पदर तोंडाला लावला.

गेला. मी तिला कुठे गेला म्हणून विचारत होते. आमचे हे गेले, असं मी स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि कुणी मला कुठे गेले म्हणून विचारत नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की समोरच्या पोरीकडे बघवेना.

"वाट बघणे राहूनच गेलं," वन्सं पुटपुटल्या. "रोजचंच म्हणून शिकवायचं सुचलं नाही. तिने आपलं आपणच जुळवलं. वाट आणि बघणे."

बाईंनी पुन्हा विचारलं, "मग? काय लिहू?"

"हे त्या पुस्तकात नाही," मी म्हटलं. माझा आवाज नको तितका मोठा झाला. "मी सगळं वाचलंय, तिचं खोटं पकडायलाच वाचलंय. ताडपत्री तिथली असेल, हुडहुडी तिथली असेल. हे तिचं आहे. मी सही करते, काय करायचं ते करा, पण ही खरं बोलते."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. निकाल वरचे लोक देतील, पण आपला शेरा चांगला जाईल आणि तोवर मुलगी याच घरात राहील, असं सांगून निघाल्या. दारातून वळून त्यांनी मुलीला नमस्कार केला. तिनेही केला.

दुपारी तिने ती मोठी बॅग आपणहून माझ्या टेबलावर आणून ठेवली. "काकू, चेन." मी रनर तपासला. आत काय आहे ते बघायची मला सवय आहे. तेवढं एकदा मी बघितलं नाही.

त्या मापाचा रनर दुकानात नव्हता. बाजारात जायला हवं होतं. मी किल्ल्यांचा जुडगा घेतला, कुलूप लावलं, आणि ती नेहमीसारखी माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"आज तू पुढे," मी म्हटलं.

तिने मान हलवली. नाही.

"अगं, मी आवाज करते ना." मी जुडगा वाजवून दाखवला. "हा वाजतोय, म्हणजे मी आहे. तू वाट बघ. मी मागे आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग जुडग्याकडे. संशय घ्यायचा हक्क आता तिचा होता. मग ती वळली आणि एक पाऊल टाकून थांबली. मी किल्ल्या वाजवल्या. ती आणखी थोडी पुढे गेली. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस दारात येऊन विचारायला लागला, वहिनी, काय झालं, काही हरवलं का? मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सगळा रस्ता संपेपर्यंत मी वेड्यासारखी किल्ल्या वाजवत तिच्या मागून चालले.